खिडकीतले ऊन : काळी काच आणि संरक्षक काच एकच नव्हेत

नवी दिल्ली : मोटारीची समोरची काच आणि चालकाच्या बाजूची काच डोळ्यांना सारखीच पारदर्शक दिसते. सूर्यप्रकाशाच्या बाबतीत मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. समोरची काच लॅमिनेटेड असते. काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून ती तयार केली जाते. अपघातात काचेचे तुकडे उडू नयेत, हा या पापुद्र्याचा मूळ हेतू. पण सूर्याचे अतिनील किरणही तो जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो. बाजूच्या खिडक्यांना बहुतेक वाहनांत टफन्ड काच असते. ती एकेरी असते. तापवून झटकन थंड केल्याने तिला बळकटी येते. तिच्यात हा पापुद्रा नसतो.

त्वचेवर परिणाम करणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. 'बी' प्रकारच्या किरणांनी त्वचा लाल होते, भाजते. साधी काचही त्यांना बहुतांशी अडवते. त्यामुळे बंद खिडकीआड बसून शरीराला ड जीवनसत्त्व मिळते, ही समजूत चुकीची आहे. ते याच 'बी' किरणांमुळे तयार होते. 'ए' प्रकारचे किरण सुमारे 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे असून ते काचेतून येतात, त्वचेत अधिक खोलवर पोहोचतात आणि भाजल्याची जाणीव करून देत नाहीत. वातानुकूलन सुरू असले की उरलीसुरली जाणीवही जाते. त्वचा काळवंडणे, वांग वाढणे, अकाली सुरकुत्या पडणे हे त्यांचे परिणाम वर्षानुवर्षे साचत जातात. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या वर्णाच्या तुलनेत कमी असते. रंगद्रव्याचे विकार मात्र सहज बळावतात.

या साचण्याचे सर्वाधिक बोलके उदाहरण 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. मालवाहू गाडी 28 वर्षे चालवलेल्या 69 वर्षांच्या एका अमेरिकी चालकाच्या चेहऱ्याचे ते छायाचित्र होते. खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेली, तर उजवी बाजू त्या मानाने बरीच तरुण. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. भारतात हीच झळ उजवा गाल, उजवा कान आणि उजव्या हाताला लागते.

पुढे 2016 मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात 15 उत्पादकांच्या 29 मोटारींच्या काचांची मोजणी प्रसिद्ध झाली. समोरच्या काचांनी सरासरी 96 टक्के 'ए' किरण रोखले. चालकाच्या बाजूच्या काचांची सरासरी 71 टक्के होती, पण सरासरीपेक्षा तिच्यामागची तफावत अधिक महत्त्वाची आहे : सर्वांत कमकुवत काच 44 टक्के किरण अडवत होती, तर सर्वांत सक्षम काच 96 टक्के. म्हणजे आपल्या वाहनाची काच किती राखण करते, हे तिच्या रंगावरून वा वाहनाच्या किमतीवरून गृहीत धरता येत नाही.

चकाकीचा प्रश्न वेगळा

डोळे दिपवते ती चकाकी दृश्य प्रकाशाची; त्वचेचे नुकसान करतात ते किरण अदृश्य. हे दोन प्रश्न एकच समजले जातात आणि म्हणून उपाय चुकतात. तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की तो आत विखुरतो आणि दृश्यावर धूसर पडदा पडल्यासारखे होते. प्रकाशाचा स्रोत नजरेच्या रेषेच्या जितका जवळ, तितका हा पडदा दाट. त्यामुळे थेट बाजूने येणारी तिरीप समोरच्या मावळत्या सूर्याइतकी आंधळे करत नाही. पण रस्ता वळताच तीच तिरीप समोर येते. दुतर्फा झाडी असलेल्या रस्त्यावर ऊन-सावलीची सततची उघडझाप डोळ्यांना स्थिरावू देत नाही. वय वाढले किंवा मोतीबिंदूची सुरुवात झाली की विखुरणे वाढते. काचेच्या आतल्या बाजूला धूर, धूळ व बोटांच्या डागांचा जो थर साचतो, तोही हेच करतो. काच आतून स्वच्छ पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित.

ऊन कोणत्या बाजूने येणार, हे आधीच ठरवता येते. चालक उजवीकडे बसत असल्याने सकाळी उत्तरेकडे आणि दुपारनंतर दक्षिणेकडे जाताना ऊन त्याच्या खिडकीतून येते. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग 44 ने दुपारी हैदराबादकडे निघालेल्या चालकाची उजवी बाजू सूर्यास्तापर्यंत तापत राहते. पहाटे निघाल्यास मध्यान्हापर्यंतचे ऊन डावीकडच्या प्रवाशाच्या वाट्याला जाते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. त्यामुळे आग्र्याहून वाराणसीकडे, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्याच्या उजव्या हाताला तो येतो. जूनमध्ये तो जवळजवळ माथ्यावर असल्याने छप्पर आडोसा देते. डिसेंबरात तो वाराणसीत मध्यान्हीलाही क्षितिजापासून सुमारे 41 अंशांवरच असतो आणि थेट खिडकीतून आत शिरतो. हिवाळ्यातले कोवळे म्हणून ज्याचे कौतुक होते, त्या उन्हात 'ए' किरण असतातच.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आरपार जायला हवा. काळ्या काचांच्या वाहनांचा गुन्ह्यांसाठी वापर होतो, या मुद्द्यावर दाखल झालेल्या अभिषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी निर्णय दिला. ही टक्केवारी कारखान्यातून येणाऱ्या काचेची आहे. त्यावर नंतर काळी फिल्म अथवा अन्य साहित्य लावता येणार नाही, मग त्यातून कितीही प्रकाश जात असो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा आदेश 4 मे 2012 पासून देशभर लागू झाला.

त्यानंतर नियम 100 मध्ये दुरुस्ती झाली. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने काचेऐवजी 'सेफ्टी ग्लेझिंग' ही व्यापक संज्ञा आणली. आतल्या बाजूस प्लास्टिकचा थर असलेली काचही तिच्यात मोडते. प्रकाशाची 70 आणि 50 टक्क्यांची अट कायम राहिली. या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये, अटींची पूर्तता करणारी फिल्म लावल्याबद्दल वाहनधारकाला दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला. तो अन्य राज्यांतील वाहतूक पोलिसांवर थेट बंधनकारक नाही. केरळमधील पर्यटक आपल्या मोटारीने कर्नाटकात शिरला की त्याच फिल्मवर हरकत घेतली जाऊ शकते. ही विसंगती एका देशव्यापी खुलाशाने मिटण्याजोगी आहे. तोवर त्वचाविकाराने त्रस्त चालकाला वैद्यकीय सल्ल्याइतकाच कायद्याचा सल्लाही घ्यावा लागतो.

काच जितकी काळी तितके संरक्षण अधिक, ही समजूत मात्र सर्व राज्यांत सारखीच आहे. गडद फिल्म दृश्य प्रकाश कमी करते. अतिनील किरण अडवणे हे तिच्यातील शोषक द्रव्यांचे काम असते आणि ती द्रव्ये जवळजवळ पारदर्शक फिल्ममध्येही घालता येतात. उलट गडद काचेमुळे संध्याकाळी पादचारी दिसत नाही, उजव्या आरशातली दुचाकी निसटते. जिथे फिल्मला मुभा आहे तिथेही गणित काच आणि फिल्म मिळून करायचे असते. मूळ काच 75 टक्के आणि फिल्म 70 टक्के प्रकाश जाऊ देत असेल, तर प्रत्यक्षात 52.5 टक्केच आत येतो. फिल्म 60 टक्क्यांची असल्यास 45 टक्के, म्हणजे मर्यादेच्या खाली. विक्रेता बहुधा फक्त फिल्मचा आकडा सांगतो.

आपल्या वाहनाला कोणती काच आहे हे तिच्या कोपऱ्यातील कोरलेल्या खुणेवरून कळू शकते. तिथे भारतीय मानकाच्या क्रमांकासोबत काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड याचा उल्लेख असतो. काही महागड्या मोटारींत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. नवी मोटार घेताना 'यूव्ही कट' या जाहिरातीतील शब्दावर न थांबता किती टक्के 'ए' किरण अडतात, तेही बाजूच्या काचेत, हे लेखी विचारणे रास्त.

कायद्याच्या कक्षेतले उपाय

सन व्हायझर एका टोकाच्या खोबणीतून सोडवून बाजूच्या खिडकीकडे वळवता येतो, हे अनेक चालकांच्या गावी नसते. आसन थोडे उंच करून घेतले तर तो अधिक उपयोगी पडतो. मात्र काचेला सक्शन कपने चिकटणारी जाळी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातील अन्य साहित्याच्या कक्षेत येऊ शकते. खिडकीत पंचा किंवा वर्तमानपत्र अडकवणे तर चालकाच्या बाजूला सरळ धोक्याचे. उजवा आरसाच त्याने झाकला जातो.

चष्मा निवडताना 'यूव्ही 400' ही खूण पाहावी. पोलराइज्ड भिंगे रस्त्यावरून व बॉनेटवरून परावर्तित होणारी चकाकी कापतात, थेट येणारी तिरीप मात्र इतर रंगीत भिंगांइतकीच मंद करतात. त्यांतून काही डिजिटल पडदे काळे दिसतात. उन्हात आपोआप गडद होणारी भिंगे मोटारीत निराशा करतात, कारण ती अतिनील किरणांनीच गडद होतात आणि ते समोरच्या काचेने अडवलेले असतात. सर्वांत गडद, चौथ्या श्रेणीची भिंगे वाहन चालवण्यासाठी अयोग्य ठरवलेली आहेत.

सनस्क्रीनच्या बाटलीवरचा 'एसपीएफ' आकडा मुख्यतः 'बी' किरणांविषयी सांगतो. बंद काचेआड महत्त्व 'पीए' या अक्षरांपुढील अधिकच्या चिन्हांना. ती जितकी जास्त, तितके 'ए' किरणांपासूनचे संरक्षण अधिक. ते उजव्या कानाला, मानेला आणि स्टिअरिंगवरच्या हाताच्या पाठीलाही लावावे लागते, आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा.

हे सारे बंद काचेच्या वाहनांविषयी झाले. देशातील बहुसंख्य ट्रकचालक वर्षानुवर्षे काच खाली करून, उजवा कोपर खिडकीवर टेकवून गाडी हाकत आले. त्यांच्या बाबतीत 'ए' आणि 'बी' दोन्ही किरण विनाअडथळा येतात. नव्याने उत्पादित होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. नियमाचा हेतू उष्णतेपासून दिलासा हा असला, तरी काच बंद राहिल्याने 'बी' किरणांपासून बचाव आपोआप साधतो. 'ए' किरणांचे काय, हे त्या काचेवर अवलंबून राहील. रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या ट्रकना हा नियम लागू नाही. त्यांच्या चालकांसाठी दुचाकीस्वार वापरतात तशा दाट विणीच्या पूर्ण बाह्या आणि मानेवर गुंडाळलेला गमछा हेच आजही सर्वांत खात्रीचे साधन आहे.