सिम्प्सन वाळवंटातील मोटारप्रवासाचे नियोजन

सिम्प्सन वाळवंटातील मोटारप्रवासाचे नियोजन म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंट फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनाने ओलांडताना करावयाची टप्प्यांची, मुक्कामांची, इंधनाची, पाण्याची आणि राखीव वेळेची पूर्वआखणी होय. पश्चिमेकडील माउंट डेअर येथून पूर्वेकडील बर्ड्‌सव्हिल या गावापर्यंत फ्रेंच लाइन आणि क्यूएए लाइन या वाटांनी जाणारा प्रवास हा या वाळवंटातील सर्वपरिचित मार्ग आहे. त्याचे अंतर सुमारे ५०० किलोमीटर असून या संपूर्ण पट्ट्यात इंधन, दुकान किंवा दुरुस्तीची सोय नाही. त्यामुळे या प्रवासाची आखणी किलोमीटरच्या हिशेबाने न करता प्रत्यक्ष लागणारे तास, लिटर आणि किलोग्रॅम यांच्या हिशेबाने करावी लागते.

भौगोलिक पार्श्वभूमी

सिम्प्सन वाळवंट नॉर्दर्न टेरिटरी, साउथ ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलंड या तीन प्रशासकीय विभागांत पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,७६,५०० चौरस किलोमीटर आहे. येथील वाळूच्या टेकड्या जवळजवळ एकमेकींना समांतर असून त्या साधारणपणे वायव्य-आग्नेय दिशेने पसरल्या आहेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या प्रवाशाला सुमारे १,१०० टेकड्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. पश्चिम भागातील टेकड्या तुलनेने लहान व जवळजवळ आहेत. पूर्वेकडे त्यांची उंची वाढते आणि दोन टेकड्यांमधील सपाट पट्टेही रुंदावतात. बर्ड्‌सव्हिलच्या पश्चिमेस सुमारे ३५ किलोमीटरवर असलेली नॅपनेरिका ही टेकडी 'बिग रेड' या नावाने प्रसिद्ध असून तिची उंची सुमारे ४० मीटर आहे.

टेकड्यांचा पूर्वेकडील उतार पश्चिमेकडील उतारापेक्षा अधिक तीव्र असतो. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना चढ सौम्य आणि उतार तीव्र मिळतो. उलट दिशेने जाताना वाहनाला अधिक कष्ट पडतात व इंधनही अधिक लागते. प्रवासाची दिशा ठरविणे हा आखणीतील पहिला निर्णय मानला जातो तो याच कारणाने.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वांगकांगुरू हे या वाळवंटाचे मूळ रहिवासी होत. 'मिकिरी' नावाच्या, हाताने खणलेल्या अरुंद विहिरींच्या आधारे ते या प्रदेशात राहत असत. त्यांची ये-जा या विहिरींच्या स्थानांनुसार ठरलेली असे. १८८६ मध्ये डेव्हिड लिंडसे हा सर्वेक्षक स्थानिक वाटाड्याच्या मदतीने अशा नऊ विहिरींवरून प्रवास करीत क्वीन्सलंडच्या सीमेपर्यंत पोहोचला.

१८८० मध्ये ऑगस्टस पॉपेल या सर्वेक्षकाने तीन विभागांच्या सीमा जेथे मिळतात तेथे कुलिबा वृक्षाचा खांब रोवला. पुढे त्याची मोजणीची साखळी सुमारे एक इंच लांब असल्याचे आढळले आणि खांब योग्य जागेपासून सुमारे ३०० मीटर दूर ठरला. नंतरच्या सर्वेक्षणात तो हलविण्यात आला. हे ठिकाण आज पॉपेल कॉर्नर म्हणून ओळखले जाते.

सेसिल मॅडिगन या भूशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये या प्रदेशाची हवाई पाहणी केली व आल्फ्रेड ॲलन सिम्प्सन यांच्या नावावरून वाळवंटाला नाव दिले. १९३६ मध्ये टेड कोल्सन याने एका आदिवासी सहकाऱ्यासह उंटांच्या साहाय्याने हे वाळवंट ओलांडले. युरोपीय वंशाच्या व्यक्तीने केलेला हा पहिला संपूर्ण प्रवास समजला जातो. १९६२ मध्ये रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाने पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलांसह मोटारीने पहिल्यांदा वाळवंट पार केले. त्यानंतर खनिज तेलाच्या शोधासाठी आलेल्या कंपन्यांनी बुलडोझरने सरळ वाटा पाडल्या. फ्रेंच लाइन ही त्यांपैकीच एक होय. वाहनांच्या सोयीचा विचार न करता भूकंपमापन सर्वेक्षणासाठी ती आखली गेल्यामुळे ती टेकड्यांना वळसा न घालता थेट त्यांच्यावरून जाते.

हंगाम आणि परवाने

उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्यामुळे दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात उद्यानक्षेत्र प्रवाशांना बंद असते. मे ते सप्टेंबर हा काळ सर्वाधिक अनुकूल मानला जातो. या काळात दिवसा हवा सुखद असली, तरी रात्री तापमान गोठणबिंदूजवळ उतरू शकते. जूनमध्ये दिवस सुमारे साडेदहा तासांचाच असतो. सकाळी मुक्काम आवरणे आणि सायंकाळी उजेडातच तंबू उभारणे यांचा वेळ वजा केल्यास प्रत्यक्ष वाहन चालविण्यास सहा ते सात तासच उरतात.

साउथ ऑस्ट्रेलियातील भाग २०२१ पासून मुंगा-थिर्री–सिम्प्सन वाळवंट राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित असून सुमारे ३६ लाख हेक्टर क्षेत्राचे हे उद्यान देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात प्रवेशासाठी डेझर्ट पार्क्स पास आवश्यक असतो. क्वीन्सलंडमधील उद्यानात मुक्कामासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. टेकडीच्या माथ्यावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक वाहनावर उंच काठीला लावलेला सुरक्षाध्वज बंधनकारक आहे. या ध्वजाचे टोक जमिनीपासून किमान ३.५ मीटर उंच असावे लागते.

सप्टेंबरमध्ये बर्ड्‌सव्हिल येथे घोड्यांच्या शर्यती भरतात. १८८२ पासून चालत आलेल्या या शर्यतींच्या काळात लहानशा गावात मोठी गर्दी होते. प्रवासाचा शेवट त्या आठवड्यात येत असल्यास निवास आणि वाहनदुरुस्ती यांची व्यवस्था आधीच करावी लागते.

वेग आणि टप्प्यांचा अंदाज

अनुभव नसलेल्या प्रवाशांच्या आखणीत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे नकाशावरील अंतराला महामार्गावरील वेगाने भागणे. फ्रेंच लाइनवर सरासरी वेग अनेकदा ताशी १५ ते २० किलोमीटरच असतो. ताशी १८ किलोमीटर वेग धरल्यास सहा तासांत १०८ किलोमीटर होतात. मात्र टायरमधील हवा कमी-जास्त करणे, रुतलेले वाहन काढणे, चढ पार न झाल्यास मागे येऊन पुन्हा प्रयत्न करणे आणि ताफ्यातील इतरांची वाट पाहणे यांत यातील एक-दोन तास सहज खर्ची पडतात. म्हणून टेकड्यांच्या पट्ट्यात दिवसाला ७० ते ९० किलोमीटर हे प्रमाण व्यवहार्य ठरते.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवासाचा एक नमुना पुढीलप्रमाणे :

• पहिला दिवस : माउंट डेअर ते डॅलहाउसी झरे, सुमारे ७० किलोमीटर. रस्ता दगडाळ व खडबडीत. इंधनाच्या टाक्या माउंट डेअर येथेच पूर्ण भराव्या लागतात. डॅलहाउसी येथे १२० हून अधिक झरे असून मुख्य झऱ्याचे पाणी कोमट असते.
• दुसरा दिवस : डॅलहाउसी ते पर्नी बोअर, सुमारे ७० किलोमीटर. वाळूच्या पट्ट्याला सुरुवात झाल्यावर टायरमधील हवा कमी करणे.
• तिसरा दिवस : फ्रेंच लाइनवर सुमारे ८० ते ८५ किलोमीटर. दोन टेकड्यांमधील सपाट जागी मुक्काम.
• चौथा दिवस : पॉपेल कॉर्नरपर्यंत तितकेच अंतर.
• पाचवा दिवस : क्यूएए लाइनने एअर क्रीकच्या परिसरापर्यंत, सुमारे ८५ किलोमीटर.
• सहावा दिवस : एअर क्रीक ते बिग रेड मार्गे बर्ड्‌सव्हिल, सुमारे ८० किलोमीटर. शेवटची व सर्वांत उंच टेकडी दिवसाच्या अखेरीस येते.
• सातवा व आठवा दिवस : राखीव.

राखीव दिवस हे विश्रांतीसाठी नसून पाऊस, बिघाड किंवा आजारपण यांसाठी असतात. येथे वार्षिक पाऊस अल्प असला, तरी टेकड्यांमधील चिकणमातीचे पट्टे थोड्या पावसानेही निसरडे होतात आणि वाटा बंद केल्या जातात. एअर क्रीकला शेकडो किलोमीटर दूर उत्तरेस पडलेल्या पावसामुळे पूर येऊ शकतो. अशा वेळी स्थानिक आकाश निरभ्र असूनही लांबचा वळसा घ्यावा लागतो. परतीचे विमान किंवा कामावर रुजू होण्याची तारीख आठव्या दिवसाला चिकटवून ठेवल्यास राखीव दिवसांचा उद्देशच उरत नाही. उशीर झालेला चालक काळोखात वाहन हाकतो किंवा बंद वाटेवर शिरतो, आणि अपघाताचा धोका तेथूनच वाढतो.

क्वीन्सलंडची प्रमाणवेळ साउथ ऑस्ट्रेलियापेक्षा हिवाळ्यात अर्ध्या तासाने पुढे असते. पॉपेल कॉर्नर ओलांडल्यानंतर बर्ड्‌सव्हिलमधील पंप किंवा दुरुस्ती केंद्र बंद होण्याची वेळ मोजताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

इंधन, पाणी आणि वजन

मऊ वाळूत इंधनाचा खप पक्क्या रस्त्यावरील खपाच्या दीडपट ते दुप्पट होऊ शकतो. एखादे डिझेल वाहन वाळूत १०० किलोमीटरला २० लिटर घेते असे धरल्यास ५०० किलोमीटरसाठी १०० लिटर आणि १५० किलोमीटरच्या संभाव्य वळशासाठी ३० लिटर, असे १३० लिटर होतात. त्यावर सुमारे २० टक्के राखीव धरल्यास गरज १५६ लिटरवर जाते. पेट्रोल वाहनांना सहसा यापेक्षा अधिक इंधन लागते.

पाण्याचा हिशेब प्रवासाच्या सहा दिवसांवर न करता राखीव दिवसांसह आठ दिवसांवर केला जातो. पिणे व स्वयंपाक धरून माणशी रोज ७ लिटर घेतल्यास दोघांसाठी ११२ लिटर लागतात. हा साठा एकाच टाकीत न ठेवता वेगवेगळ्या डब्यांत विभागतात, म्हणजे एक डबा फुटल्यास सर्व पाणी जात नाही.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम आणि डिझेलचे सुमारे ०.८५ किलोग्रॅम असते. वरील उदाहरणात पाणी व इंधन मिळून सुमारे २४५ किलोग्रॅम भरतात. त्यात प्रवासी, अन्न, सुटे टायर आणि अवजारे यांची भर पडते. ही बेरीज वाहनाच्या मान्य भारमर्यादेत बसत नसल्यास सामान कमी करणे हाच उपाय असतो, कारण अधिक भारामुळे वाहन अधिक रुतते, खप वाढतो आणि वाढलेल्या खपासाठी पुन्हा अधिक इंधन न्यावे लागते. छतावरील जड सामानामुळे वाहन तिरक्या उतारावर कलंडण्याची शक्यता वाढते. ओढगाड्या नेण्याचे सामान्यतः टाळले जाते.

वाहन आणि दैनंदिन तपासणी

वाळूत टायरमधील हवा साधारणपणे १५ ते २० पीएसआयपर्यंत कमी करतात. त्यामुळे टायर पसरतो व वाळूवरील दाब घटतो. हवा भरलेल्या कडक टायरनी वेगाने चढल्यास चढावर खड्डे पडतात आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट खराब होते. हवा भरण्याचा पंप, दाबमापक, फावडे, ओढपट्टा आणि रुतलेल्या चाकाखाली घालावयाच्या फळ्या ही साधने आवश्यक समजली जातात.

स्पिनिफेक्स या गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापू शकते. वाहनाच्या तळाशी धुराड्याजवळ साचलेले सुके गवत पेट घेऊ शकते. म्हणून रोज दुपारी व सायंकाळी वाहनाखाली पाहण्यासाठी वेळ राखून ठेवतात. उद्यानक्षेत्रात सरपण गोळा करण्यास मनाई असल्याने स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी न्यावी लागते. कचरा परत आणावा लागतो.

संपर्क आणि सुरक्षितता

वाळवंटाच्या अंतर्भागात मोबाइल संपर्कावर विसंबता येत नाही. वाहनांमधील संभाषणासाठी यूएचएफ रेडिओ वापरतात व येथे १० क्रमांकाच्या वाहिनीचा प्रघात आहे. चढ सुरू करण्यापूर्वी त्यावरून आपली दिशा कळविली जाते. बाहेरील संपर्कासाठी उपग्रह दूरध्वनी, तर जीवघेण्या संकटासाठी ४०६ मेगाहर्ट्‌झवर संदेश देणारा आपत्कालीन दीपक उपयोगी पडतो. दुर्गम भागांत वैद्यकीय मदत देणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही संस्था १९२८ पासून कार्यरत असली, तरी विमान उतरण्याजोगी जागा गाठेपर्यंत रुग्णाची काळजी सोबत्यांनाच घ्यावी लागते.

प्रवासाचा आराखडा एका जबाबदार व्यक्तीकडे लेखी ठेवतात. त्यात मार्ग, मुक्काम, वाहनांचे वर्णन आणि कोणत्या तारखेपर्यंत निरोप न आल्यास पोलिसांना कळवावे याची नोंद असते. ही तारीख राखीव दिवस संपल्यानंतरची ठेवतात, अन्यथा किरकोळ विलंबानेही शोधमोहीम सुरू होऊ शकते.

वाहन बंद पडल्यास त्याच्याजवळच थांबणे हा मूलभूत नियम आहे. वाहन हवेतून सहज दिसते, सावली देते आणि पाण्याचा साठा त्यातच असतो. डिसेंबर १९६३ मध्ये जवळच्या बर्ड्‌सव्हिल ट्रॅकच्या परिसरात पाच जणांचे एक कुटुंब आपले वाहन सोडून पायी निघाले आणि तहानेने मृत्युमुखी पडले. या प्रदेशातील सुरक्षाविषयक मार्गदर्शनात ही घटना आजही सांगितली जाते.

माघारीचा निर्णय

व्यवहार्य आराखड्यात माघारीचे निकष आधीच लिहिलेले असतात. पर्नी बोअरपर्यंत अपेक्षेपेक्षा अधिक इंधन खर्च झाले असल्यास माउंट डेअरकडे परतणे शक्य असते. फ्रेंच लाइनच्या मध्यावर पोहोचल्यानंतर मागे आणि पुढे जाण्याचे अंतर जवळजवळ सारखे होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीतील उरलेले इंधन, पाण्याचे डबे, वाहनाची स्थिती आणि राखीव दिवस यांची मोजणी करून पुढे जायचे की नाही हे ठरविले जाते. हे निकष निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांनी मान्य केलेले असल्यास थकलेल्या अवस्थेत वाद न होता निर्णय घेता येतो.