पदकाची डबी आणि परंड्याची तोफ

प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यानें सन १८१३ च्या मार्च महिन्यांत, नेपोलियनशीं चाललेल्या झुंजीच्या ऐन धामधुमींत, लोखंडी क्रूस नांवाचें पदक निर्माण केलें. ओतीव लोखंड व भोंवतीं रुप्याची कड, एवढाच त्याचा ऐवज. असलीं जुनीं जर्मन लष्करी पदकें जमविणारे षोकी लोक पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील जाणते लोक पदकाबरोबरच तें ज्या डबींतून वीराच्या हातीं पडलें त्या मूळ डबीचाहि शोध करितात. हें निव्वळ वेड नव्हे. पदक छातीवर मिरवलें जातें. डबी अडगळींत पडते आणि एके दिवशीं केरांत जाते. म्हणून ती दुर्मिळ. शिवाय आंतील खळग्यांत पदक नेमकें बसतें कीं नाहीं, कापडावर उमटलेला ठसा त्याच्या पाठीशीं जुळतो कीं नाहीं, यावरून खऱ्याखोट्याची पारख करण्यास मदत होते. एकाची डबी व दुसऱ्याचें पदक यांचें परस्पर लग्न लावून देणारे व्यापारीहि असतातच!

मूळ जागेंतून निघालेल्या वस्तूची साक्ष अधुरी राहते, याचें आपल्याकडील थोर उदाहरण म्हणजे मलिक-इ-मैदान तोफ. ती आज विजापुरास आहे. पण एके काळीं ती परंड्याची होती.

बुऱ्हाण निजामशहाच्या पदरीं असलेल्या मुहम्मद रूमी नांवाच्या तुर्की ओताऱ्यानें ही तोफ सन १५४९ मध्यें अहमदनगर येथें ओतली. लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, तोंडाचें भोंक सुमारें सव्वादोन फूट, वजन अदमासें ५५ टन. धातु घंटेचा, म्हणजे तांबें व कथील यांच्या मिश्रणाचा. मुखाला आ वासलेल्या श्वापदाचा आकार दिला असून त्याच्या दांतांत हत्ती चिरडत आहे. सन १५६५ च्या तालिकोटच्या रणांत हिच्या तोंडांत तांब्याचीं नाणीं ठासून डागलीं, अशी कथा सांगतात.

पुढें ती परंड्याच्या किल्ल्यांत आली. हा किल्ला महमूद गवानानें बांधला, अशी परंपरा आहे. सन १६०० मध्यें अहमदनगर मोगलांनीं घेतलें, तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवून परंडा हेंच राजधानीचें ठिकाण केलें. पडत्या राज्याला आधार देणाऱ्या या भुईकोटांत त्या राज्याची सर्वांत मोठी तोफ असावी, हें यथायोग्यच म्हणावें लागेल. परंतु निजामशाहीचा शेवट जवळ येतांच किल्ला आदिलशाहीकडे गेला, आणि सन १६३२ मध्यें मुरार पंडितानें तोफ विजापुरास नेली. दहा हत्ती, चारशें बैल व शेंकडों माणसें तिला ओढीत होतीं, असें सांगतात. तिची जोडीदारीण कडकबिजली वाटेंत नदींत बुडाली, अशीहि आख्यायिका आहे. परंड्याहून विजापुरास जातांना भीमा आडवी येते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती अगदींच निराधार वाटत नाहीं.

विजापुरास शेरझा बुरुजावर ती चढली. सन १६८६ मध्यें औरंगजेबानें तें शहर जिंकलें व तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. त्यामुळें तिच्या अंगावर निजामशहा आहे, ओतारी आहे, बादशहा आहे. परंड्याचें नांव मात्र कोठें नाहीं. तो दुवा बखरी-तवारिखांतूनच जुळवावा लागतो.

तिचा भाव काय झाला तेंहि ऐकण्याजोगें आहे. सन १८५४ मध्यें सातारच्या कमिशनरनें विजापुरांतील निरुपयोगी सरकारी सामान विकण्याचा हुकूम काढला, आणि त्यांत ही तोफहि लिलांवास निघाली. सर्वांत मोठी बोली आली ती १५० रुपयांची! ५५ टनांची घंटेची धातु, तिला एवढी किंमत. भंगारवाल्याला ती हलविण्याच्या खर्चाची धास्ती वाटली असेल. मुरार पंडिताचे हत्ती-बैल आणावे कोठून? पण रक्कम फारच क्षुल्लक वाटून स्थानिक अधिकाऱ्यानें वर कळविलें, तोफेविषयीं लोकांना वाटणारा आदरहि नजरेस आणला, आणि विक्री रद्द झाली.

म्हणून ती विजापुरास राहिली. परंड्याच्या बुरुजांवर दुसऱ्या मोठाल्या पंचरसी तोफा अद्यापि आहेत. त्या मात्र जेथल्या तेथें आहेत.