मूकनायक ते क्यूआर कोड : चळवळीचा पैसा आणि चळवळीचा हिशेब

"आपला समाज देत नाही." हे वाक्य आम्ही युसूफ वडगावच्या पारापासून केजच्या चहाच्या टपरीपर्यंत शेकडो वेळा ऐकलंय. दोन वर्षांपूर्वी गावात अभ्यासिका काढायचं ठरलं, तेव्हा आम्हीही हेच म्हणून मोकळे झालो होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर बाबासाहेबांचा फोटो टाकला, खाली एका पोराच्या खात्याचा क्यूआर कोड आणि 'सढळ हाताने मदत करा'. जय भीम शेकड्याने आले, पैसे मोजकेच. मग गल्लीतली एक आजी म्हणाली, "बाळा, पैसे देते की. पण पावती दे. आन् त्या पैशाचं काय केलं ते बी सांग."

आजीच्या या एका प्रश्नात चळवळीचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्यामागे राजर्षी शाहू महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती. पत्र निघणार ही साधी जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. म्हणजे तेव्हाच्या माध्यमांनी आपल्यासाठी दार लावलं होतं, म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचं माध्यम उभं केलं. पण राजाची देणगी पत्र सुरू करू शकते, चालवू शकत नाही. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे पैशाअभावी, व्यवस्थेअभावी 'मूकनायक' बंद पडला.

३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आला. बाबासाहेब रकानेच्या रकाने एकहाती लिहीत होते, तरी पैशाची ओढाताण सुटली नाही. तेव्हा १९२८ साली त्यांनी वाचकांपुढे थेट प्रश्न ठेवला : 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' मित्रांनो, शब्द नीट बघा. बाबासाहेबांनी भीक मागितली नाही, दया मागितली नाही. ऋण म्हटलं. ज्याच्यासाठी काम चाललंय, त्याच्यावर त्या कामाचं कर्ज आहे, असा तो हिशेब. १९२९ मध्ये तेही पत्र थांबलं. पण पुढच्याच वर्षी 'जनता' उभं राहिलं. १९५६ मध्ये त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं.

आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा असं सांगितलं. शंभराला पाच. हे आवाहन कारखानदारांना नव्हतं. गिरणीतल्या, शेतावरच्या, रस्त्यावर राबणाऱ्या माणसांना होतं. पुढे १९७८ मध्ये बामसेफ उभी करताना कांशीराम यांनी नोकरदार वर्गाला हेच सांगितलं : समाजाने दिलं ते समाजाला परत करा.

मग समाज देत नाही, हे खरं कसं? आमच्या भागात दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तीच माणसं १४ एप्रिलची वर्गणी चुकवत नाहीत. समाज देतो. हिशेब आपण देत नाही.

सोशल मीडिया ही आपल्या काळाची छापखान्याची यंत्रं आहेत. आता कुठल्याही 'केसरी'च्या दारात उभं राहायची गरज नाही. पण यंत्र विश्वास छापत नाही, तो कमवावा लागतो. आजीच्या प्रश्नानंतर आम्ही पद्धत बदलली. क्यूआर कोड व्यक्तीचा नाही, संस्थेच्या खात्याचा. वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाचे नियम विचारून घ्यायचे. शंभर रुपये असोत की दहा, पावती जाणारच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्चाचा कागद ग्रुपवर. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी तोच कागद अभ्यासिकेच्या दारावर. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना मागणीचा मेसेज एक, तर कामाची बातमी सांगणारे मेसेज चार.

आणखी एक ठरवलं. फाटक्या कपड्यातल्या लेकराचा फोटो टाकून पैसे मागायचे नाहीत. जी चळवळ माणसाला माणूसपण द्यायला निघाली, तिने आपल्याच पोरांची गरिबी बाजारात मांडायची? त्याऐवजी आम्ही आलेल्या पुस्तकांचा फोटो टाकतो, रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या दिव्याचा टाकतो.

पैसा अजूनही कमीच आहे. पण आता तो दर महिन्याला येतो, आणि देणारा विचारतो, "स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आली का?" त्या दिवशी तो देणगीदार राहत नाही, कार्यकर्ता होतो. बाबासाहेबांना त्या 'ऋणा'तून हाच माणूस हवा होता.

आजीने त्या दिवशी वीस रुपये दिले. पहिली पावती तिचीच आहे.

जय भीम.