गाडी आपली, कुलूप कंपनीचं

ओला इलेक्ट्रिकने ऑगस्ट 2021 मध्ये दोन स्कूटर आणल्या, एस1 आणि एस1 प्रो. मोटार दोन्हींत तीच, 8.5 किलोवॉटची. तरी स्वस्त गाडी 90 च्या वेगावर थांबायची, प्रो 115 पर्यंत जायची. बॅटरी मात्र खरोखर लहान-मोठी. एका चार्जिंगला कागदोपत्री 121 आणि 181 किलोमीटर.

जानेवारी 2022 मध्ये कंपनीने जाहीर केलं, एस1 घेणाऱ्यांनाही प्रोचंच हार्डवेअर देतो. पण गाडी चालेल एस1 सारखीच. प्रोची रेंज आणि वेग पाहिजे तर 30 हजार भरा, सॉफ्टवेअरने खोलून देऊ! म्हणजे मोठी बॅटरी गाडीच्या पोटात, तिचं वजन गाडी रोज वाहणार, पण पूर्ण वापरायची नाही. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळं नव्वदेक किलोमीटर. कागदावरची रेंज रस्त्यावर कुठे मिळते? अशा माणसाला कुलपातले किलोमीटर खुपणारच.

युक्ती जुनी आहे. 1849 मध्ये ज्यूल द्युप्युई या फ्रेंच इंजिनिअरने लिहून ठेवलंय, की रेल्वेचे तिसऱ्या वर्गाचे डबे बिनछताचे ठेवतात ते छताचा खर्च वाचवायला नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारा तिसऱ्यात बसू नये म्हणून. (भुसावळकरांना जास्त सांगायला नको.) 1991 मध्ये इंटेलने 486एसएक्स चिप काढली, तिच्यात गणिताचा भाग होता पण बंद केलेला. तो हवा तर 487एसएक्स ही ‘जोड’ चिप घ्या. ती प्रत्यक्षात पूर्ण 486 च होती. बसवली की जुनी गप्प. गिऱ्हाईक दोनदा पैसे मोजून मोकळं.

ओलाने लपवलं नाही, कबूल केलं तेवढं दिलं, त्यामुळे मी याला फसवणूक म्हणणार नाही. पण आपल्याकडे विहिरीवरची मोटार जळाली तर गावातला रिवाइंडिंगवाला ती खोलतो, बांधतो, चालू करून देतो. इथे त्याच्या हातात किल्लीच नाही.

आणि यात पैसा आपलाही होता. जून 2021 पासून केंद्राचं फेम अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर होतं, किलोवॉट-तासाला 15 हजार. अशा गाडीत क्षमता कोणती धरायची, बसवलेली की वापरू दिलेली? भाऊ, शोरूममध्ये गेलात तर हे दोन्ही आकडे विचारा आणि बिलावर लिहून मागा.