फॅक्टरी : एका शब्दाचा प्रवास

१/ ‘इंग्रजांनी १६१३ साली सुरतेत फॅक्टरी स्थापन केली’, हे वाक्य इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत वारंवार आढळते. वाचताच डोळ्यांपुढे धुराडी, यंत्रे आणि मजुरांच्या रांगा उभ्या राहतात. परंतु वाफेचे पहिले उपयोगी इंजिन चालू व्हायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे अवकाश होता. मग ही फॅक्टरी होती तरी काय?

२/ लॅटिनमधील ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यावरून ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा. युरोपीय व्यापारात या शब्दाला विशिष्ट अर्थ आला : परक्या मुलखात राहून धन्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा गुमास्ता. असे फॅक्टर जेथे राहत आणि व्यवहार करीत, ती फॅक्टरी. पोर्तुगीजांचा ‘फेइतोरिया’ हा शब्दही याच मुळाचा. त्यांनी १५०० साली कालिकतला जे ठाणे उभारले, ते याच प्रकारचे होते.

३/ अशा ठाण्याची गरज मोसमी वाऱ्यांमुळे निर्माण झाली. जहाजे ठरावीक काळातच येत-जात. ती बंदरात उभी असताना माल खरेदी करू गेल्यास भाव चढे. म्हणून फॅक्टर वर्षभर तेथेच राहत, दलालांमार्फत विणकरांना आगाऊ रकमा देत, कापड पारखून घेत आणि जहाज येईपर्यंत गाठोडी बांधून ठेवीत. माल घडे विणकराच्या मागावर. फॅक्टरीत तो साठवला जाई.

४/ ‘फॅक्टर’ हा कंपनीतील हुद्दाही होता. नोकरीची सुरुवात ‘रायटर’ म्हणजे कारकून म्हणून होई. त्यानंतर फॅक्टर, पुढे कनिष्ठ व्यापारी आणि शेवटी वरिष्ठ व्यापारी अशी बढती मिळे.

५/ मराठीने या जागेला अचूक शब्द वापरला : वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार. लाकडाची वखार आजही आपल्या परिचयाची आहे. माल साठवण्याचा अर्थ मराठीत शाबूत राहिला. इंग्रजीत मात्र तो पुसला गेला.

६/ हा भेद न जाणल्यास इतिहासाचा अर्थच बदलतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा-दारूगोळ्यासह तेथे गेला आणि गडावर मारा केला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि इंग्रजांना कैद केले. काहींची सुटका १६६३ मध्ये झाली. ‘फॅक्टरीवर हल्ला’ एवढेच वाचणाऱ्याला हा एखाद्या उद्योगाचा विध्वंस वाटेल. वास्तविक व्यापारी म्हणून आलेल्या परकीयांनी युद्धात उतरल्याबद्दल त्यांना दिलेले ते शासन होते.

७/ वस्तू बनवण्याची जागा हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकातही तुरळक आढळतो. त्याला खरे बळ मिळाले ते औद्योगिक क्रांतीत. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारण्यास सुरुवात केली. शेकडो माणसे एका छपराखाली, घड्याळाच्या ठोक्यावर काम करू लागली. १८३३ च्या ब्रिटिश फॅक्टरी कायद्याच्या वेळी हा नवा अर्थ पक्का झाला होता.

८/ मुंबईने दोन्ही अर्थ अनुभवले. १६८७ मध्ये कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे सुरतेहून येथे आले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी येथेच कापडगिरणीचा पाया घातला. भारतातील पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

९/ गंमत अशी की ‘कारखाना’ या शब्दाचाही असाच कायापालट झाला आहे. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे जागा. शिवकालातील अठरा कारखान्यांत पीलखाना, नगारखाना, दफ्तरखाना अशी खाती येतात. म्हणजे हत्ती बांधण्याची जागा हाही कारखानाच! गडावरील कारखानीस धान्य आणि साहित्याचा हिशेब ठेवी. आज हे आडनाव धारण करणाऱ्यांच्या पूर्वजांकडे साखर कारखाना असण्याचे कारण नाही.

१०/ जुना ‘फॅक्टर’ अजूनही इतरत्र वावरतो आहे. गणितात तो गुणाकार घडवणारा अवयव आहे, चर्चेत परिणाम घडवणारा घटक आहे. बँकव्यवहारातील ‘फॅक्टरिंग’ तर थेट त्या व्यापारी गुमास्त्याचा वारसा सांगते.

११/ जुन्या कागदपत्रांत अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा शब्द, कारण त्यासाठी कोश उघडण्याचे मनातही येत नाही. म्हणून कागदाचे साल पाहावे आणि त्या साली त्या शब्दाचा अर्थ काय होता, हेही विचारावे.