ब्राउनचे कण आणि अटलांटिकचा प्रवाह

अटलांटिकच्या प्रवाहांत दशकानुदशके होणाऱ्या बदलांचं मूळ मी एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधतो. 1827 साली रॉबर्ट ब्राउनला पाण्यात कण अखंड थरथरताना दिसले. (परागकण नव्हेत, परागकणांच्या पोटातले अतिसूक्ष्म कण, पाठ्यपुस्तकं इथे हमखास घसरतात.) पाण्याच्या रेणूंच्या बेशिस्त धक्क्यांनी होणाऱ्या या थरथरीचं गणित आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलं, लांजव्हँने 1908 मध्ये ते सुटसुटीत केलं.

पुढचा दुवा थेट 1976 चा, हॅम्बुर्गचा. क्लाउस हासलमानने कणाच्या जागी समुद्र ठेवला आणि रेणूंच्या धक्क्यांच्या जागी रोजचं हवामान. वादळ चार दिवसांत ओसरतं, समुद्राला मात्र ते विसरायला वेळ लागतो. वरच्या जेमतेम अडीच मीटर पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता डोक्यावरच्या अख्ख्या वातावरणाइतकी असते! थेंबे थेंबे तळे साचे म्हणावं, तर इथे निम्मे थेंब तळ्यातून परत उपसले जातात. तरी हिशेब शून्यावर थांबत नाही. तो भरकटतो, आणि काळ लांबेल तसा जास्त भरकटतो. तापलेलं पाणी हवेला जास्त उष्णता देतं, एवढाच काय तो लगाम. म्हणजे संथ बदलामागे संथ कारण असलंच पाहिजे, हा हट्ट सुटला. 2021 च्या नोबेलमध्ये हासलमानचा वाटा होता.

प्रतिपक्ष जुना आहे. याकोब ब्यर्कनेस 1964 मध्येच म्हणाला होता: वर्षावर्षातले फरक वाऱ्याचे, दशकांचे मात्र समुद्रप्रवाहांचे. 2015 मध्ये एमी क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी प्रवाहच नसलेला समुद्र संगणकात घातला, तरी उत्तर अटलांटिकच्या तापमानाचे दशकांचे चढउतार उमटले. पुढच्याच वर्षी आक्षेप आला की, निरीक्षणांत त्या संथ चढउतारांच्या वेळी उष्णता समुद्राकडून हवेकडे जाते, म्हणजे प्रवाहाचा हात आहेच. आक्षेप मला पटतो, पण त्याने ब्यर्कनेस जिंकत नाही. त्या प्रवाहाला ढकललं कोणी?

मिकोलायेविच आणि मायर-राइमर यांनी 1990 मध्ये हॅम्बुर्गच्याच समुद्र-मॉडेलवर पावसाच्या गोड्या पाण्याचे निव्वळ बेशिस्त चढउतार लादले. अटलांटिकचं खोल अभिसरण सुमारे 320 वर्षांच्या आवर्तनाने डोलू लागलं. तो आकडा मी शब्दशः घेत नाही. त्या मॉडेलमध्ये पृष्ठभागाचं तापमान ठरावीक पातळीकडे ओढून धरलेलं होतं, क्षाराला मात्र मोकळं रान होतं. अशा मांडणीत दोलनं फुगतात. लय समुद्राची म्हणा हवं तर. झोका देणारा तो बेशिस्त पाऊसच.