आहारतज्ज्ञ व्हायचंय? पेण-रोह्यातल्या मुलींसाठी पदव्युत्तर शिक्षणाची माहिती

बारावी सायन्स झालेल्या आपल्या मुलींना घरातून साधारण दोनच वाटा सांगितल्या जातात: डीएड-बीएड नाहीतर फार्मसी. मेडिकलचे मार्क पडले नाहीत की 'आता बीएस्सी कर' म्हणतात आणि पुढचं कुणी बोलत नाही. आहारशास्त्र, म्हणजे डायटेटिक्स, ही वाट पेण, रोहा, नागोठणे भागात फारशी कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यातल्या काही मुली मोबाईलवरच्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरून बसतात. म्हणून हा कोर्स काय आहे, कुठे करायचा आणि कशात फसायला होतं, ते इथे एकत्र देत आहोत.

आहारतज्ज्ञ नेमकं कुणाला म्हणायचं?

रुग्णालयात पेशंटच्या आजारानुसार जेवण ठरवते ती डायटिशियन. डायबेटिस, किडनी, लिव्हर, हार्ट, कॅन्सर, नळीनं अन्न द्यावं लागणारा आयसीयूचा पेशंट, कमी वजनाचं बाळ, गरोदर बाई, हे सगळं तिच्या कामात येतं. जिममध्ये 'डाएट प्लॅन' विकणं हे वेगळं काम आहे.

२०२१ साली केंद्र सरकारनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायदा केला. त्याच्या यादीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही व्यवसाय आहेत. शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि राज्य परिषदेकडे व्यावसायिकांची नोंदणी करणं, ही चौकट या कायद्यानं आणली. त्यामुळे यापुढे 'कुठलं सर्टिफिकेट आहे?' हा प्रश्न जास्त कडकपणे विचारला जाणार.

त्याआधीपासून, म्हणजे १९६३ पासून, इंडियन डायटेटिक असोसिएशन ही व्यावसायिकांची संघटना काम करते. तिची 'रजिस्टर्ड डायटिशियन' म्हणजे आरडी ही परीक्षा आहे. चांगल्या रुग्णालयांत आरडी असलेल्यांना पसंती मिळते. या परीक्षेला बसायला पोषणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा पदवीनंतरचा डायटेटिक्सचा डिप्लोमा लागतो, शिवाय रुग्णालयातली इंटर्नशिप. नुसती बीएस्सी पुरत नाही. पोस्ट ग्रॅज्युएशन हा या व्यवसायाचा दरवाजाच आहे.

पाया अकरावी-बारावीत

सायन्स घेणं सोयीचं. त्यानंतर बीएस्सी गृहविज्ञान, फूड सायन्स अँड न्यूट्रिशन किंवा क्लिनिकल न्यूट्रिशन केलं असेल तर एमएस्सीला सरळ जाता येतं. मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, नर्सिंग अशा पदवीनंतर काही संस्था डिप्लोमाला किंवा एमएस्सीला घेतात, पण प्रत्येकीचा नियम वेगळा.

इथेच आपल्याकडे घोळ होतो. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात सायन्स शाखा आहे, घराजवळ म्हणून मुलगी तिथे बीएस्सीला जाते. पदवी चांगलीच आहे. पण आहारतज्ज्ञ व्हायचं आधीच ठरलं असेल तर विषय निवडण्यापूर्वी जिथे एमएस्सी करायचं त्या संस्थेचं माहितीपत्रक वाचा. तीन वर्षं झाल्यावर 'तुमचा विषय चालत नाही' ऐकण्यापेक्षा हे बरं.

कुठे शिकता येईल?

एसएनडीटी महिला विद्यापीठ: महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली सुरू केलेलं. जुहूच्या आवारात गृहविज्ञान आणि पोषणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. हे फक्त मुलींचं आहे, त्यामुळे 'एकटी मुंबईत कशी राहणार' म्हणणाऱ्या अब्बांना थोडा धीर येतो. रुजुता दिवेकर या नावाजलेल्या आहारतज्ज्ञ याच विद्यापीठातून शिकल्या.

कॉलेज ऑफ होम सायन्स, निर्मला निकेतन: मरीन लाईन्सला आहे. गृहविज्ञानातलं मुंबईतलं जुनं नाव.

डॉ. बीएमएन कॉलेज ऑफ होम सायन्स: माटुंग्याला.

एमजीएम अभिमत विद्यापीठ, कामोठे: आपल्याला सगळ्यात जवळ. इथे क्लिनिकल न्यूट्रिशनची एमएस्सी आहे आणि रुग्णालयही त्याच आवारात आहे. मुलांनाही प्रवेश मिळतो. खासगी असल्यानं फी जास्त असते, ती आधी विचारून घ्या.

पदवीसाठी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचंही गृहविज्ञान महाविद्यालय आहे, हे आपल्या बऱ्याच घरांना माहीतच नसतं.

दोन वर्षांत काय शिकवतात?

एमएस्सी चार सत्रांची असते. शरीरक्रियाशास्त्र, बायोकेमिस्ट्री, आजारांनुसार आहारोपचार, सार्वजनिक आरोग्य पोषण, रुग्णालयाच्या किचनची व्यवस्था, संशोधन पद्धती आणि स्टॅटिस्टिक्स हे मुख्य विषय. शेवटी प्रबंध. 'स्वयंपाकाचा कोर्स आहे' असं समजून आलेल्या मुली बायोकेमिस्ट्रीला अडखळतात, हे लक्षात ठेवा.

इंटर्नशिपमध्ये वॉर्डात फिरावं लागतं, डॉक्टरांच्या राऊंडला उभं राहावं लागतं, पुरुष पेशंटशीही बोलावं लागतं. याची घरी आधी चर्चा करा. ऐन इंटर्नशिपला घरच्यांनी थांबवलं तर दोन वर्षांची मेहनत अर्धी राहते.

घरबसल्या करता येईल का?

नाही. इग्नूचा आहारशास्त्राचा अभ्यासक्रम अनेक जणी, खास करून लग्न झालेल्या, घरूनच करायच्या. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रमांचे दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीचे प्रवेश बंद केले. फूड अँड न्यूट्रिशन आणि क्लिनिकल न्यूट्रिशन-डायटेटिक्स त्यात येतात. 'ऑनलाईन एमएस्सी डायटेटिक्स, ॲडमिशन चालू' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

जाण्या-येण्याचं गणित

दिवा-रोहा मेमू पेणवरून पनवेलला जाते, पण दिवसभरात गाड्या मोजक्याच. पेणहून कामोठ्याला रोज जाऊन-येऊन करता येतं, एसटीचाही आधार आहे. रोह्याहून रोजचा प्रवास दोन वर्षं झेपणं अवघड. पनवेल किंवा कामोठ्यात नातेवाईक असतील तर बघा. जुहू किंवा मरीन लाईन्ससाठी हॉस्टेलच धरून चाला आणि प्रवेशाच्या अर्जासोबतच हॉस्टेलचाही अर्ज करा.

पैशांची सोय

महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून सवलतीच्या व्याजानं शैक्षणिक कर्ज मिळतं. ओबीसी यादीतल्या बिरादरीचे असाल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर वेळेत काढा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि आधारला जोडलेलं बँक खातं निकालाआधीच तयार ठेवा. अर्ज बहुतेक वेळा कागदांपायीच अडतो.

पुढे काम कुठे?

पनवेल-नवी मुंबईची रुग्णालयं, डायलिसिस सेंटर, आरोग्य विभागाच्या भरतीतलं आहारतज्ज्ञाचं पद, तीव्र कुपोषित मुलांसाठीची पोषण पुनर्वसन केंद्रं. आखातात जायचं असेल तर तिथला परवाना लागतो आणि त्यासाठी पदवी, अनुभव अशी कागदपत्रं मूळ संस्थेकडून तपासली जातात. ही पडताळणी 'डेटाफ्लो' नावानं ओळखली जाते. तिथे सर्टिफिकेट कोर्स टिकत नाही.

आपल्या भागाला गरज का आहे?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या मोहल्ल्यातली आणि शेजारच्या कातकरी वाडीतली बाई, दोघी त्यात आल्या.

रुग्णालयातून मिळणाऱ्या डाएटच्या कागदावर पोळी, वरण, ताक लिहिलेलं असतं. घरात असते तांदळाची भाकरी, मासळीचं सालन, सुकट आणि नारळ. पेशंट कागद घडी करून ठेवतो आणि नेहमीचंच खातो. डायलिसिसच्या पेशंटला सुक्या मासळीतलं मीठ आणि शहाळ्यातलं पोटॅशियम दोन्ही घातक ठरू शकतं, हे त्याच्या बोलीत सांगणारं कुणी हवं.

रमजानचंही तेच. डायबेटिसचे कितीतरी बुजुर्ग डॉक्टरांना न विचारता रोजे धरतात, गोळ्यांच्या वेळा आपणच बदलतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. सहरीला काय खावं, इफ्तारला किती खजूर आणि किती भजी, हे ज्या मुलीनं स्वतः रोजे धरलेत आणि एमएस्सीही केली आहे, तिचं दादी लवकर ऐकेल. औषधाचा डोस मात्र डॉक्टरच ठरवणार.

आता काय करायचं?

बारावीत असाल तर पदवीचा विषय नीट निवडा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर दोन-तीन संस्थांची पात्रता, प्रवेश परीक्षा आणि शेवटची तारीख आजच लिहून काढा. प्रवेश घेताना तीन गोष्टी विचारा: विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि किती महिने, आणि या पदवीवर आरडी परीक्षेला बसता येतं का. तिन्हीची उत्तरं लेखी मिळाली तरच फी भरा.